यादी मृत्युपत्रावरून करू नका, घरावरून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामा गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्रात त्यांनी तुम्हाला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमलं होतं आणि दीड महिन्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टानं केलेलं शिक्कामोर्तब, तुमच्या हाती आलं. मृत्युपत्रात चारच ओळी आहेत: दादरची जागा मामींना, बँकेतल्या ठेवी मुलगा आणि मुलगी यांना निम्म्या निम्म्या, लॉकरमधलं सोनं मुलीला, आणि ‘बाकी जे काही असेल ते’ मामींना. वकिलांनी सहा महिन्यांत इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी, कोर्टात दाखल करायला सांगितली आहे. अमेरिकेतला मामेभाऊ फोनवर विचारतो, ‘सोनं एवढंच कसं?’ आणि तुम्ही विचारताय की घरातले चमचे-वाट्या मोजायचे का, नॉमिनी लावलेल्या ठेवी धरायच्या का, आणि किंमत कुठल्या दिवसाची लावायची.

मी मुंबईत बावीस वर्षं मृत्युपत्रं आणि वारसा याच प्रकरणांत वकिली करते. तुमच्या तीन प्रश्नांची तीन वाक्यांत उत्तरं देता येतील, पण तुमचं पत्र वाचताना मला वेगळीच काळजी वाटली. तुम्ही मृत्युपत्र समोर ठेवून, त्यातल्या एकेका ओळीपुढे रक्कम भरत यादी करायला बसला आहात. वकिलीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मीही एका अशिलासाठी हेच केलं होतं. पुढे आठ महिन्यांनी माळ्यावर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात शेअर सर्टिफिकेटं सापडली. मग पुरवणी यादी, तिच्यासोबत खुलासा करणारं प्रतिज्ञापत्र आणि अशिलाच्या बहिणीचा कायमचा संशय, एवढं सगळं आलं. मृत्युपत्र लिहिताना माणसाला जे आठवतं, जे महत्त्वाचं वाटतं, ते तो लिहितो. तेही बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वी. तुम्हाला यादी करायची आहे ती मामांच्या मागे प्रत्यक्षात काय राहिलं त्याची.

कायदा काय म्हणतो ते एकदा बघू, कारण त्यातले शब्द तुमच्या सोयीचे आहेत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ३१७ सांगतं की प्रोबेट दिल्यापासून सहा महिन्यांत एक्झिक्युटरनं ताब्यातल्या सगळ्या मालमत्तेचा आणि मयताला इतरांकडून येणं असलेल्या रकमांचा ‘पूर्ण आणि खरा अंदाज’ देणारी यादी कोर्टात सादर करायची, आणि एका वर्षात हिशोब. ‘अंदाज’ हा शब्द लक्षात ठेवा. कोर्ट तुमच्याकडे पैशापैशाचा ताळेबंद मागत नाही. काही लपवलं नाही आणि काही फुगवलं नाही, एवढं मागतं. यादी म्हणजे वहीतली आरंभीची शिल्लक. त्यानंतर काय आलं, काय गेलं, कुणाला काय दिलं, हे वर्षाच्या हिशोबात येतं. मामांच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतचं ठेवींवरचं व्याज यादीत धरायचं, त्यानंतरचं हिशोबात. ही दोन कागदपत्रं एकमेकांत मिसळली की पुढे कुणालाच काही कळत नाही.

तुमच्या हातातलं प्रोबेट नीट वाचा. सहा महिने आणि एक वर्ष या मुदती त्यातच छापलेल्या असतात, आणि अर्ज करताना हे सगळं करीन असं तुम्ही स्वतः लिहून दिलेलं आहे. मुदत मोजताना तुम्ही कागद कधी हाती घेतला तो दिवस धरू नका, कागदावरची तारीख धरा. आणि आदेश त्याआधीचा असेल तर सावधपणे आदेशाची तारीख धरा. मंजुरी आणि प्रत्यक्ष कागद हाती येणं यात बरेच आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे तुमचे ‘दीड महिना’ कदाचित तीन महिने असतील. वेळ पुरणार नाही असं दिसलं तर मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज करा. कोर्टाला तो अधिकार कलमातच दिलेला आहे.

खरं सांगायचं तर, यादी कधीच दाखल न केलेले बरेच एक्झिक्युटर मी पाहिले आहेत. कोर्टाचा शिपाई दारात येत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. अडचण येते ती चार-पाच वर्षांनी, कुणीतरी दुखावल्यावर. कलम २६३ प्रमाणे प्रोबेट रद्द करण्याच्या कारणांत ‘वाजवी कारणाशिवाय मुद्दाम यादी किंवा हिशोब न देणं’ आणि ‘महत्त्वाच्या बाबतीत खोटी यादी देणं’ ही दोन्ही कारणं स्पष्ट लिहिलेली आहेत. जाणूनबुजून खोटी यादी देणं हा तर खोटा पुरावा देण्याच्या तोडीचा गुन्हा मानला जातो. तुमच्या मामेभावाचा आजचा सूर पाहता ही यादी तुमच्याच संरक्षणासाठी आहे असं समजून करा.

आता प्रत्यक्ष काम. एक दोनशेपानी वही घ्या. कोर्टात जाणारी यादी पुढे इंग्रजीत टाइप होईलच, पण काम मराठीतच करा, मामींना वाचता येईल अशा अक्षरात. प्रत्येक नोंदीला चार गोष्टी: वस्तू काय, कुठे सापडली, कुठल्या कागदावरून कळली, आणि शेरा. या शेऱ्याच्या रकान्याबद्दल पुढे बरंच बोलणार आहे.

सुरुवात बँकेच्या पासबुकांपासून करा, गेल्या तीन वर्षांच्या. शिल्लक तर बघायचीच, पण खरी माहिती मधल्या बारीक नोंदींत असते. लाभांशाची बाराशे रुपयांची जमा म्हणजे कुठल्यातरी कंपनीचे शेअर. वर्षातून एकदा गेलेलं लॉकरभाडं दोन वेगवेगळ्या बँकांत दिसलं, तर लॉकर दोन आहेत. विम्याचा हप्ता, एसआयपी, पोस्टाच्या मासिक योजनेचं व्याज, सगळं तिथे दिसतं. पासबुकावर देना बँकेचं किंवा विजया बँकेचं नाव असेल तर चौकशी बँक ऑफ बडोदात करायची, १ एप्रिल २०१९ पासून त्या तिच्यात विलीन झाल्या. मग प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून मामांचं वार्षिक माहिती विवरण उतरवून घ्या. कुणी त्यांना व्याज दिलं, कुणी लाभांश दिला, हे पॅनवरून तिथे येतं. डीमॅट आणि म्युच्युअल फंडांसाठी एकत्रित खाते विवरण मामांच्या ई-मेलवर येत असणार, ते शोधा. जुन्या विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नसेल तर ते शेअर कंपनीकडून गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. ते परत मागता येतात, म्हणून तेही यादीत धरायचे.

मामांचा मोबाइल नंबर एवढ्यात बंद करू नका. घरच्यांना महिन्याचं बिल फुकट जातंय असं वाटतं, पण मेसेजमध्ये जे येतं ते कुठल्याच कपाटात नसतं. मात्र तो फक्त शोधासाठी. त्यावर आलेला ओटीपी टाकून मामांच्या खात्यातून पैसे हलवले, तर हेतू कितीही चांगला असला तरी तुम्हीच अडचणीत याल.

पासबुकात आणि पोर्टलवर न दिसणारा भाग आपल्याकडे बराच मोठा असतो. गल्लीतल्या पतसंस्थेतली ठेव, भिशी, सोसायटीच्या पुनर्विकासात ठरलेला कॉर्पस (विकासकाकडून मिळायची एकरकमी रक्कम), गॅसची आणि विजेची अनामत, प्राप्तिकराचा परतावा. यासाठी मामींशी आणि मामांच्या सकाळच्या फिरायच्या मित्रांशी गप्पा मारण्याला पर्याय नाही. पेन्शनचं मात्र उलट असतं. मृत्यूनंतरच्या महिन्यांचं पेन्शन खात्यात जमा झालं असेल तर ते परत जाणारं आहे, शिल्लक म्हणून मोजू नका. मामींना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन त्यांचं स्वतःचं आहे, त्याचा या यादीशी संबंध नाही.

चमचे-वाट्या मोजायच्या नाहीत. ‘स्वयंपाकघरातली भांडी, फर्निचर, कपडे, पुस्तकं, एकत्रित अंदाजे किंमत इतकी’ ही एक ओळ पुरते. वेगळ्या ओळीत काय लिहायचं याची मी दहा हजारांची रेघ आखते. कायद्यात अशी रेघ नाही, ही माझी सवय. देवघरातली चांदीची उपकरणी, हार्मोनियम, जुनी नाणी, हातातलं घड्याळ, स्कूटर, एखादं मूळ चित्र हे वेगळं लिहा. किंमत नसली तरी ज्यावर भांडण होऊ शकतं अशी वस्तूही वेगळी लिहा. मी एका घरात पाहिलं, की सगळा वाद आजीच्या पितळी डब्यावरून झाला, ठेवींबद्दल कुणी ब्र काढला नाही.

हे काम तुम्ही मामींच्या राहत्या घरात करणार आहात. नवऱ्याच्या पश्चात भाचा वही घेऊन घरातल्या वस्तू लिहितोय, हे बघणं कुठल्याही बाईला जड जातं. आधी त्यांना सांगा की दोन-तीन प्रकार सोडले तर यातलं बहुतेक तुमच्याकडेच राहणार आहे, पण कागदावर यावं लागतं. माळ्यापासून सुरू करा. मामींच्या स्वतःच्या कपाटाला हात लावू नका, त्यात मामांचे कागद आहेत का ते त्यांनाच बघू द्या. सोबत कुटुंबाबाहेरची दोन माणसं असू द्या आणि रोजच्या पानाखाली त्यांच्या सह्या घ्या. मामेभावाला व्हिडिओ कॉलवर घ्या. तो दहा मिनिटांत कंटाळेल, पण पुढे ‘मला काही दाखवलंच नाही’ असं म्हणता येणार नाही.

आता सोनं. लॉकर मामांच्या एकट्याच्या नावावर असेल तर प्रोबेट दाखवून बँकेशी दिवस ठरवा. बँक साक्षीदारांसमोर स्वतःची यादी करते, तिची प्रत मागून घ्या. लॉकर मामींसोबत संयुक्त असेल आणि दोघांपैकी कुणालाही उघडायची मुभा असेल, तर त्यांनी तो एकटीनं उघडू नये असं आधीच सांगून ठेवा. त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, नंतर त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून.

सोन्याची नोंद ग्रॅममध्येच करा, ‘तोळा’ हा शब्द यादीत येऊ देऊ नका. एका घरात आजोबांच्या वहीत ‘२५ तोळे’ अशी नोंद होती. लॉकरमध्ये भरलं २९० ग्रॅम. एक्झिक्युटरनं सरळ ‘सुमारे २९ तोळे’ लिहिलं. पुतण्यानं विचारलं, हे चार तोळे वर कुठून आले? म्हणजे आजोबांची वही खोटी, मग त्यातल्या उसनवारीच्या नोंदीही खोट्या! सराफाकडे आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे २५ तोळे साधारण २९१ ग्रॅम. सोनं जागच्या जागी होतं. हे उलगडून सांगायला आम्हाला दोन तारखा लागल्या. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून प्रत्येक नगाचं एकूण वजन, खडे-मोती वगळून निव्वळ वजन आणि शुद्धता लिहून घ्या, सोबत फोटो.

मामेभावाला सोनं कमी का वाटतं याचं माझ्या मते साधं कारण असावं. लहानपणी आईच्या अंगावर बघितलेल्या पाटल्या, तोडे, मोहनमाळ तो मनातल्या मनात मोजतोय. ते मामींचं स्त्रीधन. माहेरून आलेलं, लग्नात मिळालेलं, नंतर मामांनी त्यांना भेट म्हणून दिलेलं, हे मामांच्या इस्टेटीत येतच नाही. मग ते मामांच्या नावाच्या लॉकरमध्ये का असेना. अशा नगांचं वजन करा, फोटो घ्या आणि वेगळ्या पानावर लिहा: ‘लॉकरमध्ये सापडलेले, पत्नी स्त्रीधन म्हणून हक्क सांगतात, बेरजेत धरलेले नाहीत.’ कुठला नग कुणाचा याचा निवाडा तुम्ही करायचा नाही. इथे अडचण अशी की मृत्युपत्रात ‘लॉकरमधलं सोनं मुलीला’ लिहिलंय, त्यामुळे हा प्रश्न मामी आणि मुलगी यांच्यात उभा राहू शकतो. दोघींना एकत्र बसवून ती नगांची यादी आधीच दाखवा.

नॉमिनी लावलेल्या ठेवी यादीत धरायच्या. नॉमिनीला बँक पैसे देते ते बँक मोकळी व्हावी म्हणून, नॉमिनी मालक व्हावा म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हे विम्याच्या संदर्भात १९८३ मध्ये सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही तेच म्हटलं. बँकेनं एखादी ठेव आधीच मामींच्या खात्यात वळती केली असेल, तरी ती यादीत येते, शेऱ्यासह. आयुर्विम्याचं जरा वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैशावर त्यांचाच हक्क, असा अर्थ लावला जातो आणि त्यावर वादही आहेत. पॉलिसीची नोंद करा, रक्कम लिहा, बेरजेबाहेर ठेवा आणि का ठेवली ते लिहा.

संयुक्त खात्याचं तसंच. ‘दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो’ अशी सूचना असली की बँक मामींना पैसे देते. पण पैसे मुळात कुणाचे होते हा प्रश्न त्यानं सुटत नाही. सगळं मामांच्या पेन्शनमधून आलेलं असेल आणि मामींचं नाव केवळ सोयीसाठी असेल, तर मी ते धरते. मामींचीही मिळकत त्यात जात असेल तर त्यांच्याकडून लेखी घेऊन मामांचा हिस्सा तेवढाच धरते. तुमच्याकडे कुठली स्थिती आहे ते पासबुकातल्या जमेच्या नोंदींवरून ठरेल, माझ्या सांगण्यावरून नाही.

दादरच्या जागेबद्दल तुम्ही फक्त ‘जागा’ लिहिलंय, आणि तिथेच मी थबकले. सोसायटीतला मालकीचा फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेट, करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), देखभाल खर्चाची बाकी, हे सगळं जोडा. मामींचं नाव सहमालक म्हणून असेल तर फक्त मामांचा हिस्सा धरा. पण दादरच्या जुन्या इमारतींत पागडीच्या जागा भरपूर आहेत. पागडीतली राहती जागा म्हणजे भाडेहक्क, आणि असा हक्क मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निर्णय आहे. तो हक्क भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे मयतासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तुमच्या बाबतीत निष्कर्ष कदाचित तोच निघेल, कारण मामी तिथेच राहतात. पण यादीत ‘मालकीचा फ्लॅट, किंमत इतके कोटी’ असं लिहून बसलात तर ते चुकीचं विधान ठरेल. इमारत पुनर्विकासात गेली असेल तर आणखी वेगळं. फ्लॅट आज अस्तित्वातच नाही. मामांच्या मागे राहिलाय तो पर्यायी जागेच्या कराराखालचा हक्क, शिवाय विकासकाकडून थकलेलं भाडं.

गावी जमीन आहे का? तुम्ही लिहिलं नाहीये, पण मामा कोकणातले म्हणताय म्हणून विचारते. मृत्युपत्रात नसली तरी ‘बाकी जे काही’मध्ये ती येते. फक्त सातबारावर थांबू नका. ८-अ चा उतारा काढा, म्हणजे त्या गावात मामांच्या खात्यावर कुठकुठले गट आहेत ते एका कागदावर दिसेल. घरासाठी ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा. सातबारावर सामाईक दहा नावं असतील आणि हिस्से पाडलेले नसतील तर हिस्सा तुम्ही ठरवू नका: ‘सामाईक क्षेत्र, मयताचा हिस्सा निश्चित झालेला नाही’ असं लिहा. दरम्यान कुणी वारस नोंद करून घेतली असेल तर असू द्या. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, त्यानं जमीन यादीतून वगळली जात नाही. जमीन दुसऱ्या राज्यात असेल, समजा बेळगावकडे, तर कलम ३१८ प्रमाणे त्या त्या राज्यातल्या मालमत्तेची किंमत वेगळी दाखवावी लागते.

गोव्यातल्या वाचकांसाठी जाता जाता: तुमच्याकडे ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात ती ही नव्हे. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखालची इन्व्हेंटरी ही वारसांमध्ये वाटणी करून देणारी अख्खी न्यायालयीन प्रक्रिया आहे. इथे मी बोलतेय ती एक्झिक्युटरनं एकट्यानं सादर करायची यादी, तिच्यात वाटणी होत नाही. मुंबईत राहणाऱ्या गोवेकर कुटुंबांत या एका शब्दावरून झालेले गोंधळ मी पाहिले आहेत.

येणं असलेल्या रकमा लोक हमखास विसरतात. मामांनी शेजाऱ्यांना तीन लाख हातउसने दिले होते असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. ती यादीतली सर्वांत तातडीची ओळ आहे. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर उसने दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि मामा वारले म्हणून ते घड्याळ थांबलेलं नाही. आज जाऊन शेजाऱ्यांकडून ‘इतके येणे बाकी आहे’ असं सही-तारखेसह लिहून घ्या. मुदत संपायच्या आत घेतलं तर तीन वर्षं नव्यानं मिळतात. तुमच्या ढिलाईनं रक्कम बुडाली तर कलम ३६९ प्रमाणे ती तुमच्या खिशातून भरून द्यायची वेळ येऊ शकते. आणि तुम्ही स्वतः मामांचं काही देणं लागत असाल, अगदी मुलाच्या फीसाठी घेतलेले पन्नास हजार जरी असले, तरी ते या पानावर पहिल्या ओळीत लिहा.

किंमत कुठल्या दिवसाची, यावर माझी पद्धत सांगते. प्रोबेटच्या अर्जाला जोडलेलं पहिलं परिशिष्ट काढा, त्यात मालमत्तेच्या किमती कुठल्या तारखेनं लावल्या आहेत ते बघा आणि यादीतही तीच तारीख ठेवा. शेजारी दुसऱ्या रकान्यात मृत्यूच्या दिवसाची किंमत लिहा, म्हणजे पुढे कर आणि वाटप दोन्हीला उपयोगी पडते. दोन्ही रकान्यांवर तारीख ठळक टाका. जागेसाठी रेडीरेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेले दर, हा मी पाया धरते. मात्र वाद दिसत असेल तर मूल्यांकनकाराचा अहवाल घेते, कारण रेकनर आणि बाजारभाव यांच्यात अंतर असलं की दोन्ही बाजू आपल्या सोयीचा आकडा पुढे करतात. यादी आणि परिशिष्ट यांत जिथे फरक पडेल तिथे प्रत्येक फरकाचं कारण एका कागदावर लिहून जोडा. नवी मालमत्ता सापडली असेल तर परिशिष्टात दुरुस्ती आणि कोर्ट फीचा फरक, हे तुमच्या वकिलांकडून करून घ्या.

देणी या यादीचा भाग नाहीत, कलम ३१७ मालमत्ता आणि येणं याबद्दल बोलतं. तरी वहीत त्यांना वेगळं पान द्या, कारण हिशोबात ती लागतील. अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणातला खर्च पहिला, मग प्रोबेटचा खर्च, मग घरकाम करणाऱ्यांचा शेवटच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, आणि त्यानंतर बाकीची देणी. मामांची रात्रपाळीची आया होती ना? तिचे पैसे राहिले असतील तर सोसायटीच्या थकबाकीच्या आधी तिचा नंबर लागतो.

कच्ची यादी तयार झाली की मामींना, मुलाला आणि मुलीला पाठवा आणि पंधरा दिवस द्या. कायद्यानं हे बंधनकारक नाही आणि त्यांची संमतीही लागत नाही. पण ‘ही वस्तू राहिली’ हे यादी दाखल होण्याआधी कळलेलं बरं. मामेभावाच्या ई-मेलमधला प्रत्येक मुद्दा शेऱ्याच्या रकान्यात आणा, पटो न पटो. मग प्रतिज्ञापत्रासह ती उच्च न्यायालयातले अधिकारी असलेल्या प्रोथोनोटरींच्या कार्यालयात, मृत्युपत्रांची प्रकरणं बघणाऱ्या टेस्टामेंटरी विभागात दाखल करा आणि शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात: प्रोबेटवरची तारीख, आणि दादरच्या जागेची भाडेपावती येते की देखभालीचं बिल. त्या कळल्या की जागेची ओळ कशी लिहायची ते सांगते. शेजाऱ्यांकडे मात्र त्यासाठी थांबू नका, या रविवारीच जा.